शेवटचा सभासद गेल्यावर हॉलची किल्ली कोणाकडे?

निवृत्त_हवालदार
मी लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन विभागातून निवृत्त झालोय. सध्या मुलीकडे अमेरिकेत पिट्सबर्गला आहे. इथे ओकलंड भागात 'सोल्जर्स अँड सेलर्स' नावाचा प्रचंड स्मारक हॉल आहे. सभागृहात रंगमंचाच्या वर लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण अख्खं लिहिलेलं आहे. मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. जावई म्हणाला, हा हॉल अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१-६५) माजी सैनिकांच्या संघटनेने १९१० साली उभारला आणि ती संघटना आता अस्तित्वात नाही. माजी सैनिकांची संघटना बंद कशी पडते? एक पिढी जाते, मागची येते, असंच मी पाहत आलोय. आणि सभासदच उरले नाहीत तर असा हॉल जातो कोणाकडे?

जुनी_कपाटं
नमस्कार साहेब. ती बंद पडली नाही. ती एक दिवस संपणार हे तिच्या घटनेतच होतं.

नाव ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक. ६ एप्रिल १८६६ रोजी इलिनॉयमधल्या डेकेटर गावी बेंजामिन स्टीफनसन या लष्करी डॉक्टरने पहिली शाखा काढली. सभासद फक्त तोच, जो त्या एका युद्धात संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूने लढला आणि सन्मानाने सुटला. पुढच्या युद्धांतल्या जवानांना प्रवेश नाही, स्वतःच्या मुलांनाही नाही. मुलांची संघटना १८८१ साली वेगळी निघाली. १८९०च्या सुमारास सभासद चार लाखांवर होते. त्यानंतर आकडा उतरतच गेला. १९४९ साली इंडियानापोलिसच्या शेवटच्या अधिवेशनाला सहा म्हातारे आले. अल्बर्ट वूल्सन हे शेवटचे सभासद. पोरवयात ढोल वाजवणारा म्हणून भरती झालेले. २ ऑगस्ट १९५६ला ते गेले आणि संघटना तिथेच संपली.

आता हॉलचं. शाखेला 'पोस्ट' म्हणत. प्रत्येक पोस्टला क्रमांक आणि बहुधा एखाद्या दिवंगत साथीदाराचं नाव. पिट्सबर्गच्या हॉलबाबत एक दुरुस्ती: मागणी माजी सैनिकांची, पण पैसा काउंटीचा (तिथला जिल्हा), म्हणजे सार्वजनिक. तो पुढे सगळ्याच युद्धांतल्या सैनिकांचा झाला, म्हणून आज उभा आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन शहरातल्या पोस्टने १८८५ साली वेगळी युक्ती केली. खाली दुकानांचे गाळे, वर सभागृह, आणि भिंतींवर सभासदांची हजारावर चित्रं. शिकागोत तर १८९७च्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीतच त्यांचं दालन आहे.

पण तुम्ही बघावी अशी जागा तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. कार्नेगी नावाच्या गावात, अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून झालेल्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर एक खोली. कॅप्टन थॉमस एस्पी पोस्ट, क्रमांक १५३. ही मंडळी १९०६ साली तिथे आली. १९३०च्या दशकात शेवटचे सभासद गेले, खोलीला कुलूप लागलं आणि पन्नासेक वर्षं ती तशीच राहिली. दुरुस्ती होऊन २०१० साली उघडली. काचेच्या कपाटांत त्यांनी रणांगणावरून आणलेल्या वस्तू आहेत. शिवाय एक जाडजूड वही, सभासदांच्या स्वतःच्या युद्धनोंदींची. कोण कुठे जखमी झाला, शेजारी कोण होतं, सगळं.

मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली. एकदा कोणीतरी आजोबांची ट्रंक देऊन गेलं. त्यात गणवेशातल्या सत्तावीस जणांचा फोटो होता, मागची बाजू कोरी. आम्ही वर्षभर विचारत फिरलो, एकाचंही नाव लागलं नाही. त्या वहीपुढे उभी राहिले तेव्हा मला ती ट्रंक आठवली आणि रडू आलं. त्या लोकांना माहीत होतं की आपल्यामागे सांगायला कोणी नसणार, म्हणून त्यांनी लिहून ठेवलं. हॉलपेक्षा मला ती वही मोठी वाटते. जरूर जा, फक्त वेळ आधी विचारून घ्या.

उंबरठा
ताई, यात कृष्णवर्णीय सैनिकांना घेत होते का? आणि बायकांना?

जुनी_कपाटं
कृष्णवर्णीयांना सभासदत्व होतं. काही पोस्ट मिश्र होत्या, काही त्यांच्या स्वतंत्र. पण नव्या माणसासाठी पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकून मतदान व्हायचं, काळी म्हणजे नकार, आणि काळ्या गोटीचा वापर कोणाविरुद्ध झाला असेल हे वेगळं सांगायला नको. ते मला खुपतं. एकाच चिखलात लढलेली माणसं ती.

बायकांची १८८३ पासून वेगळी सहयोगी संघटना होती, विमेन्स रिलीफ कोअर. विधवांना मदत, शुश्रूषा, थडग्यांवर फुलं, ही कामं त्यांनी खूप केली. फुलं वाहायचा दिवस याच संघटनेच्या जॉन लोगन यांनी १८६८ साली ३० मे असा जाहीर केला. अमेरिकेतला आजचा मेमोरियल डे त्यातूनच आला, फक्त आता तो मेच्या शेवटच्या सोमवारी असतो.

निवृत्त_हवालदार
ताई, शनिवारी मुलीला घेऊन जाऊन आलो. वही काचेमागे होती, उघडलेलं एकच पान दिसलं. अक्षर इतकं सुबक की मुलगी मोठ्याने वाचत होती आणि मी ऐकत होतो. खुर्च्या मांडलेल्या आहेत, जणू बैठक व्हायचीय. मी बसलो नाही.

घरी येऊन कोर्स संपतानाचा आमच्या तुकडीचा फोटो मोबाईलवर मोठा करून बघितला. एकेचाळीस जण. मुलगी लिहून घेतेय, मी सांगतोय. अडतीस नावं झाली. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा, त्याचा आवाज आठवतोय, तो रात्री वायरलेसवर हळू आवाजात बोलायचा, पण नाव येत नाही. एका जोडीदाराला फोन लावलाय, तो उद्या बघून सांगतो म्हणाला.