सर्व्हर नावाने सापडत नाही, आयपीने उघडतो

प्रश्न:
ऑफिसात २२ पीसी, विंडोज १० आणि ११. सर्व्हर एकच (१९२.१६८.१.१०), डोमेन (सगळ्या पीसींचं सामाईक नेटवर्क आणि लॉगिन) आणि डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) दोन्ही त्यावरच. डीएचसीपी (पीसींना आयपी आणि डीएनएसची सेटिंग आपोआप देणारी सेवा) राउटर देतो. त्यात पहिला डीएनएस १९२.१६८.१.१० आणि दुसरा ८.८.८.८ (गुगलचा) टाकलाय, म्हणजे सर्व्हर बंद पडला तरी नेट चालावं. दिवसातून दोन-तीनदा चार-पाच पीसींवर शेअर फोल्डर नावाने उघडत नाही, आयपी टाकला की लगेच उघडतो. नेट चालू असतं. एनएसलुकअपसुद्धा (डीएनएसला नाव विचारून पाहणारी कमांड) बरोबर आयपी दाखवतं. रीस्टार्ट केलं की ठीक. केबल आणि स्विच तपासून झाले.

उत्तर १:
गडबड त्या ८.८.८.८ ची आहे. पहिल्या डीएनएसकडून साधारण सेकंदभरात उत्तर आलं नाही की विंडोज दुसऱ्याला विचारतं आणि मग काही वेळ त्यालाच धरून राहतं. गुगलच्या डीएनएसला तुमच्या आतल्या डोमेनचं नाव कुठून ठाऊक असणार? तो ‘असं नाव नाही’ म्हणतो. विंडोजच्या लेखी हे पुरेसं उत्तर आहे, ते पहिल्याकडे परत जात नाही. वर हा नकार कॅशमध्येही (पीसीने लक्षात ठेवलेल्या उत्तरांत) बसतो.

एनएसलुकअपवर इथे भिस्त ठेवू नका. ते यादीतल्या पहिल्या सर्व्हरला थेट विचारतं, पीसीची कॅश आणि होस्ट्स फाइल (पीसीवरचीच नाव-आयपीची यादी) बघतच नाही. अडचण चालू असताना नावाने पिंग करून पाहा, तेव्हा फरक दिसेल.

राउटरच्या डीएचसीपीमधून ८.८.८.८ काढा. त्याची जागा सर्व्हरवर आहे: डीएनएस मॅनेजर, सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फॉरवर्डर्स (बाहेरची नावं सर्व्हरने कुणाला विचारायची ते). सर्व्हरच्या स्वतःच्या लॅन कार्डात डीएनएस म्हणून त्याचाच आयपी हवा, बाहेरचा एकही नको. मग प्रत्येक पीसीवर आयपीकॉन्फिग /रिन्यू आणि त्यानंतर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस. रिन्यू विसरलात तर जुनी सेटिंग लीज (डीएचसीपीने दिलेल्या सेटिंगची मुदत) नूतन होईपर्यंत तशीच राहते.

प्रश्नकर्ता:
केलं. पण दोन पीसींवर एनएसलुकअप आता ‘सर्व्हर: अननोन, अ‍ॅड्रेस: एफई८०::१’ दाखवतंय आणि नाव सापडत नाही.

उत्तर २:
‘अननोन’कडे दुर्लक्ष करा, त्या पत्त्याची उलटी नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) नाही एवढाच त्याचा अर्थ. खरी खूण एफई८०::१ ही आहे. तो तुमचा राउटर, आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत; १९२.१६८.१.१० हा जुन्या आयपीव्ही४ चा) वरून स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करतोय. आयपीव्ही४ मधली दुरुस्ती कितीही नीट केली तरी हे पीसी आधी त्यालाच विचारणार. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये आयपीव्ही६ खाली राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट (राउटर नेटवर्कवर स्वतःहून पाठवतो त्या सूचना) आणि डीएचसीपीव्ही६ (आयपीव्ही६ चं डीएचसीपी) या दोन्ही ठिकाणी डीएनएस देणं बंद करा. पीसींवर आयपीव्ही६ ची खूण काढून टाकण्याच्या फंदात पडू नका, मायक्रोसॉफ्टही तसं करू नका असंच सांगतं. शेवटी आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये ‘डीएनएस सर्व्हर्स’समोर फक्त १९२.१६८.१.१० दिसायला हवा.

उत्तर १:
सर्व्हर बंद पडण्याची तुमची काळजी मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे वेगळ्या मशीनवर दुसरा डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर), डीएनएससकट, समजा १९२.१६८.१.११. डीएचसीपीतली दुसरी जागा त्याची. दोघांकडे सारख्याच नोंदी असल्यामुळे पीसीने कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच येईल.