कबड्डीपटू भाच्याचा करार – सही करावी का? सल्ला हवा

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. भाचा १७ वर्षांचा, डावा कोपरा खेळतो. यंदा कुमार गटाच्या निवड चाचणीत त्याच्या पकडी गाजल्या आणि आठवड्याभरात एका अकादमीचे मॅनेजर घरी हजर. प्रो कबड्डीत 'न्यू यंग प्लेअर' म्हणून लावतो म्हणतात.

करार सात पानी, सगळा इंग्रजीत. मला कळलं ते असं. मुदत ६ वर्षं. पगार, बक्षीस, जाहिरात, जे मिळेल त्यातले ३० टक्के त्यांचे. मुदत संपल्यावरही २ वर्षं दुसऱ्या कुणाशी करार करायचा तर आधी यांना विचारायचं. मधेच सोडलं तर राहण्याजेवणाचा खर्च महिना १५ हजारांप्रमाणे व्याजासह परत. शेवटच्या पानावर दाजींची सही 'पालक व हमीदार' म्हणून. शिवाय दाजींचे दोन कोरे चेक आणि भाच्याची मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे जमा.

रविवारी सही करायची म्हणतात. दाजींचं म्हणणं, ३० चे २० टक्के केले की झालं. मला ते पटेना. जाणकारांनी सांगा.

चढाईबहाद्दर
चेक देऊ नका. बाकीचं नंतर वाचतो.

कोर्टकचेरी
टक्केवारीवर घासाघीस करायला सगळ्यांना आवडतं, कारण आकडा कळतो. तुमच्या करारात टक्का हा सगळ्यात निरुपद्रवी भाग आहे.

भाचा अज्ञान आहे, म्हणजे १८ च्या आतला. त्याने केलेला करार त्याच्यावर बंधनकारकच नसतो. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) मोहरी बीबीच्या खटल्यात हे ठरवलं, ते आजही कायम आहे. अकादमीच्या वकिलाला हे पाठ असणार. म्हणून तर 'हमीदार' हा शब्द आला. पोरगं उद्या निघून गेलं तर त्याच्यावर दावा टिकणार नाही, पण दाजींनी स्वतःच्या नावाने हमी दिली असेल तर नोटीस दाजींच्या दारात येईल. ३ वर्षं राहून सोडलं तर १५ हजारांच्या हिशोबाने ५ लाख ४० हजार, वर व्याज. कोरा चेक त्यासाठीच. त्यावर हवी ती रक्कम भरायची आणि वटला नाही की फौजदारी तक्रार. मग दाजींनी तालुक्याच्या कोर्टात तारखा मोजायच्या.

मुदतीनंतरच्या २ वर्षांचं कलम मात्र पोकळ आहे. श्रीरामपूरचा आपला झहीर खान, त्याचाच दाखला देतो. २००० साली त्याने परसेप्ट डी'मार्क कंपनीशी ३ वर्षांचा करार केला. मुदत संपल्यावर दुसरीकडे जायचं तर आधी आमची बरोबरी करण्याची संधी द्या, असं कलम त्यात होतं. कंपनी कोर्टात गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार कायद्याच्या कलम २७ नुसार मुदतीनंतर असं बांधून ठेवणं शून्यवत आहे. फरक एवढाच की झहीरकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायला पैसा होता. अशी कलमं कोर्टात टिकावीत म्हणून घातलेलीच नसतात, पोरांनी घाबरावं म्हणून असतात.

लवादाचं (कोर्टाबाहेर वादाचा निकाल देणारा) कलमही बघा. 'लवाद अकादमी नेमेल' असं असेल तर ते काढायला लावा. वादातल्याच एका बाजूने एकटा लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केलंय.

मातीतलाच
सगळे अकादमीवरच तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू. मी गावात पोरं खेळवतो. मॅटचा खर्च, दोन वेळचं जेवण, अंडी-दूध, गुडघा गेला की फिजिओ, हे कुणाच्या खिशातून येतं? दहा पोरं सांभाळावीत तेव्हा एखादं लिलावापर्यंत जातं. त्याने काहीच द्यायचं नाही का? ३० टक्के ऐकायला जास्त वाटतात, पण बाकीच्या नऊ जणांचा खर्चही त्यातूनच निघतो.

कोर्टकचेरी
मातीतलाच, खर्च मागणं रास्तच आहे. मग पावत्या दाखवून मागा, २ वर्षांचा करार करा, वाटा फक्त तुम्ही मिळवून दिलेल्या कामातून घ्या. मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवण्याचा आणि अंड्यांचा काय संबंध?

चढाईबहाद्दर
आता सविस्तर. आमच्या संघातल्या एकाची प्रमाणपत्रं अशीच 'जमा' होती. पोलीस भरतीची जाहिरात आली, कागदपत्रांची तारीख आली, आणि मालक फोन उचलेनात. पोरगं गेटवर बसून राहिलं. शेवटी झेरॉक्सवर काही चाललं नाही. मूळ कागद म्हणजे पोराचा सातबारा, तो घराबाहेर जाता कामा नये.

रेल्वेवाला
वरच्याला जोडून. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याआधी क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. स्पर्धा कुणी भरवली, ती संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे सगळं तपासतात. काही अकादम्या पोरांना कुठल्याही लीगमध्ये उतरवतात. ट्रॉफी मोठी, चेकचा पुठ्ठा त्याहून मोठा, आणि पडताळणीत कागदाची किंमत शून्य. कुठे खेळायचं हे घरच्यांच्या संमतीनेच ठरेल, असं करारात लिहून घ्या.

दुसरं, पुढे खात्यात लागला तर लीग खेळायलाही खात्याची परवानगी लागते आणि जाहिरातीच्या पैशालाही. ६ वर्षांच्या करारात हे कुणी धरलंय का बघा. नसेल तर पोरगं नोकरी आणि अकादमी यांच्या मधे चेंगरणार.

हिशोबनीस
कराचं मी सांगतो, कारण पहिल्याच वर्षी पोरं इथे फसतात.

प्रो कबड्डीच्या लिलावात सगळ्यात खालच्या 'ड' गटाची पायाभूत किंमत अलीकडच्या हंगामांत ९ लाख होती, तीच धरू. संघमालक पैसे देताना १० टक्के टीडीएस कापतो, हातात ८ लाख १० हजार. पोरांना वाटतं कर भरून झाला, विषय संपला. पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. दुसरं उत्पन्न नसेल तर ते ९० हजार परत मिळतात, फक्त रिटर्न भरावं लागतं. न भरल्यामुळे पैसे सोडून दिलेले दोघे माझ्याकडे आले होते.

१८ च्या आत कमाई झाली तर ती दाजींच्या उत्पन्नात मिळवत नाहीत. मुलाने स्वतःच्या कौशल्यावर कमावलेलं त्याच्याच नावावर धरतात, रिटर्नही त्याच्या नावाने, पालक सही करतात. म्हणून खातं आणि पॅन आजच काढा. पैसे आधी त्याच्या खात्यात यावेत आणि तिथून अकादमीचा वाटा बिल घेऊन बँकेतून जावा. अकादमीच्या खात्यात पैसे आले की टीडीएस कुणाच्या नावावर पडला हे शोधण्यात वर्ष जातं.

वर्षाला २० लाखांच्या पुढे गेला तर जीएसटी नोंदणी. मान्यताप्राप्त क्रीडा संघटनेसाठी खेळला तर त्या मानधनावर माफी आहे, फ्रँचायझीकडून मिळालेल्या पैशावर नाही.

फिजिओताई
करारात 'अकादमीने दिलेला आहार व पूरके घेणे बंधनकारक' असं आहे का? असेल तर ते आधी काढा. डोपिंगमध्ये शरीरात काय सापडलं याला खेळाडूच जबाबदार, कुणी दिलं ते नंतर. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव आठवा. जेवणात कुणीतरी मिसळलं हे त्याचं म्हणणं नाडाने (देशातली डोपिंगविरोधी संस्था) मान्य केलं, पण वाडा (तीच जागतिक पातळीवरची) क्रीडा लवादाकडे गेली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या तोंडावर ४ वर्षांची बंदी बसली. त्याच्यामागे वकिलांची फौज तरी होती. सतरा वर्षांच्या पोराच्या हातात बिनलेबलचा डबा कुणी दिला तर त्याने काय करायचं? औषध लागलंच तर नाडाच्या 'नो युवर मेडिसिन' ॲपवर नाव टाकून बघा आणि चिठ्ठी जपून ठेवा.

हिशोबनीस
आणि इन्स्टावर फॉलोअर वाढले की गेमिंग ॲपवाले येतील, एका रीलचे अमुक इतके म्हणत. २०२५ च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणं गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. जाहिरातीचे हक्क अकादमीकडे असतील तर त्याच्या वतीने 'हो' म्हणणारे ते, आणि चेहरा त्याचा.

वारणाकाठ
सगळ्यांचे आभार. दाजींना फोनवर सगळं वाचून दाखवलं. 'हमीदार' कळल्यावर बराच वेळ गप्प होते. संध्याकाळी मॅनेजरना फोन केला. चेक आणि प्रमाणपत्रं सोडायला लगेच तयार झाले, अगदी लगेच. मुदतीवर मात्र अडलेत. म्हणतात ४ वर्षांच्या खाली परवडत नाही आणि बाकीच्या सगळ्या पोरांनी ६ वर सह्या केल्यात. ४ घ्यावं का?

कोर्टकचेरी
अठरा कधी पूर्ण होतात?

वारणाकाठ
येत्या श्रावणात.

कोर्टकचेरी
मग आत्ता करारच नको. तोपर्यंतच्या प्रशिक्षणाचं साधं पत्र करा, मराठीत, महिन्याची फी आणि एक महिन्याच्या सूचनेवर सोडायची मुभा. अठरा झाल्यावर तो स्वतः सही करेल, २ वर्षं, दोघांच्या संमतीने पुढे वाढवता येईल असं. हमीदार कुणीही नाही. पत्र तयार झालं की नावं झाकून मला विपू (इथला निरोप) करा. समोर बसून कुणी वाचून द्यायला हवं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १८ च्या आतल्याला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही मागत नाहीत. जन्मदाखला न्या, झेरॉक्स.