नॉलेज ग्राफमधला जुना डेटा काढायचाय, एजंटची उत्तरं न बिघडवता कसं करता?

ग्राफवाला_नाशिक:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये महाराष्ट्रातले जिल्हे, तालुके, योजना आणि त्यांचे जीआर असा नॉलेज ग्राफ आहे, म्हणजे प्रत्येक गोष्टीचा एक नोड आणि दोन नोडना जोडणारी रिलेशन. त्यावर दोन एआय एजंट चालतात, एक लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो आणि दुसरा नवीन पीडीएफ वाचून ग्राफमध्ये भर घालतो. आता ग्राफ फुगलाय आणि उत्तर देणारा एजंट कधी वसई ठाण्यात सांगतो कधी पालघरमध्ये, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर तर दोन वेगळे जिल्हे म्हणून मोजतो. मॅनेजर म्हणतायत वर्षभरात अपडेट न झालेलं सगळं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून उडवा. मला हे धोक्याचं वाटतंय पण त्यांना पटेल असं मांडता येत नाहीये. कोणी प्रोडक्शनमध्ये केलंय का?

सायफर_काका:
उडवू नका, प्लीज. अपडेटची तारीख बघून काहीच कळत नाही, मोखाडा तालुक्याचा जिल्हा पुढची वीस वर्षं बदलला नाही तरी ती माहिती शिळी होत नाही, आणि गेल्या आठवड्यात टाकलेला जीआर आजच्या जीआरने रद्द होऊ शकतो.

तुमचं वसईचंच घ्या. वसई ठाणे जिल्ह्यात हे रिलेशन खोटं नाहीये, ३१ जुलै २०१४ पर्यंत ते खरंच होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि आठ तालुके तिकडे गेले. आता ते रिलेशन उडवलं आणि कोणी ठाण्याची २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या विचारली तर १ कोटी १० लाखांच्या वरचा आकडा येणार, त्यात हे आठही तालुके धरलेत, पण एजंटला ते कळायला ग्राफमध्ये काही उरलेलंच नाही, तो आजच्या ठाण्याला तो आकडा चिकटवणार आणि ठामपणे सांगणार. म्हणून प्रत्येक रिलेशनवर कधीपासून लागू, कधीपर्यंत लागू अशा दोन तारखा ठेवा, आणि ग्राफमध्ये कधी आलं ती तारीख वेगळी. एजंटच्या नेहमीच्या क्वेरीत फक्त आज लागू असलेलं येऊ दे. विकिडेटावर पण असंच असतं, संपलेल्या गोष्टीला समाप्तीची तारीख लावतात, मुळात चुकीचीच असेल तर डेप्रिकेटेड रँक, म्हणजे ही धरू नका असा शेरा. ग्राफिटी ही ओपन सोर्स लायब्ररी तर एजंटच्या मेमरीसाठीच आहे, तीसुद्धा नवीन माहिती विरुद्ध गेली की जुनं रिलेशन इनव्हॅलिड करून ठेवते.

संभाजीनगरला मात्र काढायचं काहीच नाही. दोन्ही नोड मर्ज करा, निओफोरजेच्या एपॉक लायब्ररीत सोय आहे, आणि जुनं नाव पर्यायी नाव म्हणून ठेवाच. २०२३ च्या आधीच्या जीआरमध्ये औरंगाबादच लिहिलेलं असणार, ते नाव नसलं की तुमचा पीडीएफवाला एजंट पुन्हा नवा नोड बनवेल. धाराशिव आणि अहिल्यानगरही बघून घ्या.

डेटा_ताई:
काकांशी सहमत. तरी खरा कचरा असतोच, अर्धवट वाचलेल्या पीडीएफमधले नोड वगैरे, त्याबद्दल सांगते.

डिटॅच डिलीट ही कमांड सरसकट वापरू नका, ती नोडला जोडलेली सगळी रिलेशन न विचारता सोबत नेते. साधं डिलीट रिलेशन असलेल्या नोडला नकार देतं आणि तो नकारच आपल्याला हवाय, तिथे थांबून बघता येतं. आधी लेबल (नोडचा प्रकार सांगणारं नाव) बदलून बाजूला ठेवा, काही आठवडे जाऊ द्या, मग बॅचमध्ये काढा, कॉल इन ट्रान्झॅक्शन्स वापरा, नाहीतर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये मेमरी संपते. त्याआधी डंप (पूर्ण डेटाबेसची प्रत) घ्या आणि तो दुसरीकडे रिस्टोअर होतो का तेही बघा. डंपसाठी डेटाबेस थांबवावा लागतो, रात्रीची वेळ ठरवून घ्या.

लेबल बदला म्हणते त्याचं कारण आहे. नुसता डिलीटेड असा फ्लॅग लावला तर नोड व्हेक्टर इंडेक्समध्ये (अर्थाने जवळचे नोड शोधायची सोय) तसाच राहतो, टॉप दहामध्ये सात असलेच येतात, नंतर फिल्टर लागतो आणि एजंटच्या हातात तीनच उरतात. इंडेक्स लेबलवर असतो, लेबल काढलं की नोड त्यातून बाहेर. एम्बेडिंग (मजकुराचा अर्थ आकड्यांत) दुसऱ्या स्टोअरमध्ये असतील तर तिकडे वेगळं काढावं लागेल.

कोल्हापूर_डेव्ह:
एक राहिलं बघा, पीडीएफवाला एजंट. तुम्ही आज काढलेलं तो उद्या त्याच पीडीएफमधून परत आणणार. काढलेल्या गोष्टीची आणि तिच्या सोर्सची नोंद ठेवा आणि लिहिण्याआधी त्याला ती तपासायला लावा. आणि एजंटला डिलीटची परवानगी अजिबात देऊ नका, त्याने फक्त सुचवावं, माणसाने बघून काढावं. निओफोरजेच्या मोफत कम्युनिटी एडिशनमध्ये रोलनुसार परवानग्या नाहीत, तेव्हा सरळ सायफर (निओफोरजेची क्वेरी भाषा) लिहू देणारं टूलच त्याला देऊ नका. काढण्याआधी आणि नंतर तेच प्रश्न एजंटला विचारून उत्तरं ताडून बघा, त्यात २०१४ च्या आधीचे प्रश्न मुद्दाम घाला. मॅनेजरना हीच उत्तरं शेजारी शेजारी दाखवा, वेगळं पटवावं लागणार नाही.

ग्राफवाला_नाशिक:
खूप आभार सगळ्यांचे, जनगणनेचं उदाहरण उद्याच्या मीटिंगमध्ये मांडतो. अजून एक, काही नोडवर लाभार्थ्यांची नावं आणि मोबाईल नंबर आहेत. त्यांनाही तारीख लावून ठेवलं तर चालेल का?

डेटा_ताई:
नाही, तिथे वेगळा नियम. २०२३ च्या डीपीडीपी या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्यात माणसाला आपली माहिती पुसायला सांगायचा हक्क दिलाय, म्हणून ती खरोखर पुसायची, एम्बेडिंग, एजंटचे लॉग आणि जुने डंप धरून. काढल्याची नोंद ठेवताना त्यात नंबर ठेवू नका, नुसता अंतर्गत आयडी पुरे. आणि योजनेच्या प्रश्नांना लाभार्थ्याचा मोबाईल लागतोच कशाला, पीडीएफवाल्या एजंटला तो उचलूच देऊ नका.