टिम कॉनवे यांची करामत दुसऱ्या चित्रीकरणात
अमेरिकी विनोदी अभिनेते टिम कॉनवे यांचे कर्तृत्व म्हणजे केवळ सहकलाकार हार्वी कॉर्मन यांना भर प्रवेशात हसवणे, असे म्हटले जाते; हे मत मला अपुरे वाटते. ‘द कॅरोल बर्नेट शो’ या अमेरिकी दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमाच्या (१९६७-७८) भागांचे प्रेक्षकांसमोर दोनदा चित्रीकरण होत असे, पहिल्या वेळी कॉनवे संहितेबरहुकूम काम करीत आणि ते नीट टिपले गेले की दुसऱ्या वेळी ऐनवेळच्या जागा घेत, म्हणजे त्या वात्रटपणामागे (आणि तो वात्रटपणाच होता) हिशेब पक्का असे. स्वतःलाच बधिरतेचे इंजेक्शन टोचून घेणारा त्यांचा दंतवैद्य पाहावा: एकेक अवयव लुळा पडत जातो आणि खुर्चीतल्या कॉर्मन यांना हसू आवरत नाही. एवढे असूनही कायम संचात त्यांना स्थान मिळाले ते १९७५ मध्ये. तोवर ते वरचेवर येणारे पाहुणेच होते.