सकाळी चालतो, दुपारी झोपतो: २०१३ चा पीसी वाचेल का?

पत्रिकावाली (सोलापूर):
नमस्कार मंडळी. मी साखर पेठेत घरीच डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी करते. लग्नपत्रिका, बारसं, वास्तुशांत, श्रद्धांजलीचे फलक, जे येईल ते. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही. मधलं पान मराठी, मागे तेलुगू आणि अक्कलकोटकडच्या पाहुण्यांसाठी वेगळी कन्नड प्रत, असंही आमच्या गावात चालतं.

मशीन २०१३ च्या पाडव्याला घेतलेलं. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच६१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७, ३२ बिट. हे सगळं बिलावरून लिहितेय, मला त्यातलं फार कळतं असं नाही.

बटण दाबते, गॅसवर चहा ठेवते. चहा उकळतो, गाळते, पिते, कप विसळते, तरी ते गोल चक्र फिरतंच आहे. काल घड्याळ लावून बघितलं: ९ मिनिटं २० सेकंद. पेजमेकर, म्हणजे ज्यात पत्रिका मांडते ते सॉफ्टवेअर, उघडायला वर अडीच मिनिटं.

पण खरी गंमत पुढेच आहे. सकाळी सहा ते दहा निदान काम होतं. दुपारी एकनंतर कळ दाबली की अक्षर दोन सेकंदांनी उमटतं. परवा बाहेर ४२ डिग्री होतं, तीनच्या सुमाराला आपोआप बंद पडला. सेव्ह केलं नव्हतं, नवरदेवाच्या मामांची सगळी नावं गेली. अकरा मामा होते हो!

जवळच्या एका दुकानात दाखवला. त्यांनी झाकणही न उघडता "मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या" म्हणून बत्तीस हजारांचं कोटेशन हातात दिलं. मुलगा पुण्यातून म्हणतो लॅपटॉप घे. पण माझ्या अकराशेवर फाइली जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या आहेत. दुसऱ्या मशीनवर उघडल्या की "चि. सौ. कां."च्या जागी चौकोन आणि टिंबं दिसतात. फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या किल्लीवर, चालतं आणि त्याची सीडी चरे पडून केव्हाच गेली. अक्षय्य तृतीयेच्या आधी सोळा पत्रिका द्यायच्या आहेत. काही मार्ग आहे का?

खटपट्या (नाशिक):
रॅम ८ जीबी करा, पळेल घोड्यासारखा.

लिनक्सवेडा:
विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. अजून त्यावर काम करणं म्हणजे घराला दार न लावता झोपणं. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, जुन्या मशीनवर छान चालतं, फुकटही आहे.

पत्रिकावाली:
@लिनक्सवेडा, दादा, त्यावर पेजमेकर आणि माझं डोंगल चालेल का ते आधी सांगा. नाही चाललं तर त्या मिंटची चटणी वाटू का मी?

लिनक्सवेडा:
डोंगलचं अवघड आहे खरं. मागे घेतो. पण त्या मशीनवर बँकेचं काही करू नका, एवढं ऐका.

हार्डवेअरकाका (सांगली):
ताई, तुम्ही दोन वेगळे आजार एकाच कागदावर लिहिलेत. सुरू व्हायला नऊ मिनिटं लागतात, ती सकाळीही लागतात ना? मग तो डिस्कचा आजार. दुपारी मंद होऊन बंद पडणं हा उष्णतेचा. दुकानदाराने दोन्हींची बेरीज करून मदरबोर्ड काढला.

आधी रॅमचं मिटवतो. खटपट्यांचा सल्ला इथे फुकट जाईल. ३२ बिट विंडोज ७ ला चार जीबीच्या पुढची रॅम दिसतच नाही, त्यातलीही थोडी ऑनबोर्ड ग्राफिक्स खातं. तुम्हाला सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये सव्वातीनच्या आसपास दिसत असेल. ६४ बिट करायचं तर सगळं नव्याने टाकायला लागेल, आणि सीडी नसताना ते तुम्ही करू नका.

आता डिस्क. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधून रिसोर्स मॉनिटर, त्यात डिस्क. मशीन सुरू झाल्यावर दहा मिनिटं ती निळी रेघ शंभरवर चिकटून राहते का बघा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. तिथे निळ्याऐवजी पिवळा रंग आला तर हातातलं काम टाका आणि आधी फाइलींची कॉपी बाहेर काढा. डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची आवराआवर, अजिबात करू नका. मरणाऱ्या डिस्कला डीफ्रॅग म्हणजे दम्याच्या माणसाला सिद्धेश्वर तलावाला पळत फेऱ्या मारायला लावणं.

इचलकरंजीकर:
काकांचं बरोबर आहे, पण मला एकच विचारायचंय. ताई, सीपीयूचा डबा जमिनीवर ठेवलाय का? आणि खाली किंवा शेजारी माग आहेत का?

पत्रिकावाली:
जमिनीवरच आहे, टेबलाखाली. आणि खाली शेजाऱ्यांचे सहा माग, टॉवेलचे. तुम्हाला कसं कळलं?

इचलकरंजीकर:
आमच्याकडे दुसरं काय आहे! कारखान्याच्या ऑफिसातला पीसी माझ्याकडे दर दिवाळीला उघडायला येतो. तूस. कापसाचा तूस धुळीसारखा खाली बसत नाही, हवेत तरंगतो आणि पंख्याने आत ओढला की हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये जाऊन बसतो. वरून पंखा फिरताना दिसतो, म्हणून माणूस म्हणतो ठीक आहे. पंखा काढला की खाली नमदा घातल्यासारखी गादी निघते. हवा जातच नाही. मग शंभर डिग्रीच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि त्याच्याही पुढे गेला की जीव वाचवायला बंद होतो. तुमची दुपार तीच.

साफ करताना: वायर काढा, पंख्याचं पातं बोटाने धरा आणि मग ब्लोअर मारा. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. खालच्या कारखान्यातला कंप्रेसर आणू नका, त्यात पाणी असतं. हीटसिंक निघालाच तर उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावा, तुरीच्या डाळीएवढीच. परत बसवताना चारही पाय "टक्" वाजेपर्यंत दाबा. एक जरी सुटा राहिला तरी हीटसिंक तिरका बसतो.

आणि सीपीयू उचला जमिनीवरून. मागाचा हादरा फिरत्या डिस्कला चांगला नाही.

पत्रिकावाली:
भाचा आलाय, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झाकण उघडलं. काय सांगू! पंख्याखालून अक्षरशः उशीत भरावं एवढं निघालं, निम्मं गुलाबी. खाली गेल्या महिन्यात गुलाबी टॉवेलची ऑर्डर होती. हीटसिंकचा एक पायही सुटा होता. काय माहीत किती वर्षांपासून.

साफसफाईनंतर भर दुपारी चालवला. मंद झाला नाही, बंदही पडला नाही. आधी भाच्याने तापमान बघितलं तेव्हा काही न करता ७८ होतं, आता ४९.

सुरू व्हायला मात्र अजून साडेआठ मिनिटं. आणि डिस्कचा रंग पिवळा. करंट पेंडिंग सेक्टरसमोर २४ लिहिलंय. घाबरू का?

हार्डवेअरकाका (सांगली):
घाबरू नका, पण आज रात्री झोपायच्या आधी त्या अकराशे फाइली पेनड्राइव्हवर घ्या. फॉन्टचं फोल्डरसुद्धा. ते चोवीस म्हणजे डिस्कला वाचता न येणाऱ्या चोवीस जागा. अशा जागेवर अडकली की ती पुन्हा पुन्हा वाचायला बघते आणि तेवढा वेळ सगळं थांबतं.

उद्या २४० जीबीची साधी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, आणा. तुमचा एच६१ बोर्ड जुन्या साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीचा, ३ गिगाबिटचा, त्यामुळे एसएसडीच्या निम्म्याच वेगाने चालेल. दुकानात कोणी म्हणालं "मग उपयोग नाही" तर ऐकू नका. सुरू होताना मशीनला हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून उचलायच्या असतात. फिरती डिस्क सेकंदाला शंभरएक ठिकाणी जाऊ शकते, एसएसडी हजारो ठिकाणी. फरक तिथे पडतो.

नवीन विंडोज टाकू नका. जशी आहे तशी नव्या डिस्कवर क्लोन (हुबेहूब नक्कल) करा, म्हणजे पेजमेकर, फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर सगळं जागच्या जागी येईल. अडलं तर खराब सेक्टर सोडून पुढे जा असा पर्याय असतो, तो निवडा.

पत्रिकावाली:
काल रात्री क्लोन केलं. भाच्याने दोन्ही डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला जोडून घरी नेल्या होत्या, माझा डबा रात्रभर उघडा पडला होता, वायर काढून. ६१ टक्क्यांवर अडलं, सोडून पुढे गेला. सकाळी एसएसडी बसवली, बटण दाबलं, विंडोजचं चिन्ह आलं आणि निळा पडदा! पांढरी इंग्रजी अक्षरं आणि शेवटी ७बी असलेला आकडा. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. भाचा म्हणतो क्लोन फसलं. जुनी डिस्क परत लावली तरी तोच निळा पडदा! आता दोन्ही गेलं का? आज संध्याकाळी एक पत्रिका द्यायची आहे, मला रडू येतंय.

हार्डवेअरकाका (सांगली):
थांबा. जुन्या डिस्कवरही तेच येतंय म्हणजे क्लोन फसलेलं नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी बोर्डाची सेटिंग दिसतात तिथे, जा. तारीख काय दाखवतंय?

पत्रिकावाली:
१ जानेवारी २०११.

हार्डवेअरकाका (सांगली):
सापडलं. बोर्डावरचा सेल मेलाय. तुमची वायर सहसा निघत नसावी, त्यामुळे आजवर कळलं नाही. रात्रभर वीज नाही मिळाली, बायोस सगळं विसरलं आणि मूळच्या सेटिंगवर गेलं. तिथे साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय (नवी) झाला असणार. २०१३ साली विंडोज टाकताना ज्याने कोणी टाकली त्याने आयडीई (जुनी) ठेवला होता. त्या विंडोजला एएचसीआयची ओळखच नाही, म्हणून डिस्क दिसत नाही आणि ७बी येतो. साटा मोड आयडीई करा, एफ१० दाबून सेव्ह करा.

खटपट्या (नाशिक):
काका, एसएसडीला एएचसीआयच हवं ना? रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदीत, एमएसएएचसीआय ड्रायव्हरचा स्टार्ट आकडा शून्य करून मग बदलता येतं की.

हार्डवेअरकाका (सांगली):
येतं, आणि थोडा फायदाही आहे. पण ताईंना आज संध्याकाळी पत्रिका द्यायची आहे. अक्षय्य तृतीया झाल्यावर करू.

पत्रिकावाली:
चालू झाला!!! भाच्याने आयडीई केलं आणि दुसऱ्या क्षणी माझा डेस्कटॉप, मागे सिद्धेश्वराचा फोटो, सगळं जिथल्या तिथे. डोंगलही ओळखलं. पुन्हा वेळ लावली: ४७ सेकंद. पेजमेकर ६ सेकंद. आज चहा ठेवला आणि उकळायच्या आधी अकरा मामा परत टाइप करायला बसले, चहा उतू गेला.

हिशोब लिहून ठेवते, कोणाला लागला तर: एसएसडी अठराशे, पेस्ट दीडशे, भाच्याला नव्या पेठेत भजी आणि लस्सी. भाचा म्हणतो सीपीयू फक्त स्टुलावर ठेवून भागणार नाही, तूस वरही येतो. मग समोरच्या जाळीवर जुन्या पातळ सुती ओढणीचा तुकडा लावू का?

इचलकरंजीकर:
ओढणी नको, तीच हवा अडवेल. जाळी मोकळी ठेवा आणि दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा. दिवाळीची वाट बघू नका, ते आमच्यासारख्या आळशांचं काम.

लिनक्सवेडा:
अभिनंदन ताई. इंटरनेटची वायर मात्र काढून टाका. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती, पुढची येत नाही. प्रूफ पाठवायला पीडीएफ पेनड्राइव्हने मोबाइलवर घ्या आणि तिथून व्हॉट्सॲप करा.

पत्रिकावाली:
वायर काढली. तसंही नेटमुळे गिऱ्हाईक शेजारी बसून "हा फोटो डाउनलोड करा, तो गणपती टाका" म्हणत असतं, तेवढा ताप कमी. तो बोर्डावरचा सेल कुठे मिळेल, कॉम्प्युटरच्याच दुकानात का? त्या दुकानात मला परत जायचं नाहीये.

हार्डवेअरकाका (सांगली):
सीआर२०३२ म्हणा, नाण्याएवढा चपटा असतो. घड्याळवाल्याकडेही मिळेल. पण तो बसवताना बायोस पुन्हा सगळं विसरेल. तारीख आणि आयडीई, दोन्ही परत घालायला विसरू नका.

पत्रिकावाली:
बसवला. टिळक चौकात घड्याळवाल्याकडे चाळीस रुपयांना मिळाला. आयडीई एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, पत्रिकेच्या उरलेल्या गुलाबी कार्डावर.