मेरुखंड आणि शोनबर्गची बारा स्वरांची पद्धत: आजचे रचनाकार काय मानतात?

प्रश्न (ख्यालश्रोता, इंदूर)
आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची मेरुखंडाच्या (ठरावीक स्वरांचे क्रम पालटत जाण्याच्या) अंगाने जाणारी बढत, म्हणजे रागाचा विस्तार, ऐकतच माझा कान तयार झाला आहे. अलीकडे ऑस्ट्रियन रचनाकार शोनबर्गच्या बारा स्वरांच्या पद्धतीविषयी वाचले, तेव्हा दोन्हीकडे स्वरांच्या क्रमाचाच विचार आहे असे वाटले. प्रत्यक्ष ऐकताना मात्र षड्ज कुठेच सापडत नाही. हे साम्य खरे आहे का, आणि आजचे पाश्चात्त्य रचनाकार ही पद्धत अजून पाळतात का?

उत्तर (व्हायोलिनवादक, इंदूर)
साम्य वरवरचे आहे. मेरुखंडात चार स्वरांचे २४ आणि सात स्वरांचे ५०४० क्रम होतात. गायक त्यांतले रागाला मानवतील तेवढेच घेतो आणि क्रम कितीही पालटला तरी तानपुऱ्यातला षड्ज ढळत नाही. शोनबर्गने १९२० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या पद्धतीत रचनाकार बारा स्वरांचा एकच क्रम ठरवतो आणि तो सरळ, शेवटाकडून, चढ-उतारांची अदलाबदल करून, हव्या त्या पट्टीत वापरतो, जेणेकरून कोणताही एक स्वर आधारस्वर होऊ नये. षड्जाचा आधार त्याने त्याआधीच सोडला होता; त्याची १९१२ ची ‘पिएरो ल्युनेर’ ही रचना तशीच आहे, पण त्यात ही पद्धत नाही.

शोनबर्गचा शिष्य आल्बान बर्ग याचा १९३५ चा व्हायोलिन कॉन्चेर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) अवश्य ऐकावा. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेला षड्ज मानले, तर त्याचा क्रम असा येतो: सा, कोमल ग, प, शुद्ध नी, शुद्ध रे, शुद्ध म, शुद्ध ध, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. यातले सा, प, रे आणि ध म्हणजे वाद्याच्या चार मोकळ्या ताराच आहेत. शेवटच्या चार स्वरांनी बाखच्या एका कोरालची (चर्चमधील समूहगीताची) सुरुवात होते, आणि अखेरच्या भागात तो कोराल उघडपणे अवतरतो. इतक्या काटेकोर नियमातून इतकी आर्तता यावी, याचे मला दर वेळी नवल वाटते.

उत्तर (संगीताची अभ्यासक, इंदूर)
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या बूलेझसारख्या तरुण रचनाकारांनी स्वरांबरोबर कालावधी आणि जोरही क्रमात बांधले. १९५२ च्या सुमारास तो जवळजवळ धर्मच झाला होता. पुढे हंगेरीत वाढलेल्या लिगेतीने दाट स्वरपुंजांची (जवळजवळच्या अनेक स्वरांच्या एकत्र नादाची) वाट धरली. एस्टोनियाच्या आर्व्हो पेअर्टने आरंभी या पद्धतीने लिहिले आणि १९७६ पासून तो साध्या त्रिस्वरीकडे (तीन सुसंवादी स्वरांच्या मेळाकडे) वळला. फ्रान्सच्या ग्रिझेच्या १९७५ च्या ‘पार्सिएल’ची उभारणी तर ट्राँबोन या पितळी वाद्याच्या एका खर्जातल्या स्वराच्या उपस्वरांवर (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांवर) आहे, तानपुऱ्यात गंधार ऐकणाऱ्यांना ती परकी वाटू नये. आज ही पद्धत बहुतेकांना बंधनकारक वाटत नाही; ती शिकून, हवी तिथे वापरून बाजूला ठेवता येते.

ख्यालश्रोता
आभारी आहे. पण क्रम ओळखू आला नाही, तर ऐकणे व्यर्थ आहे का?

व्हायोलिनवादक
मुळीच नाही. क्रम रचनाकाराच्या सोयीसाठी असतो. श्रोत्याने दोन स्वरांमधील अंतरे आणि वाद्यांचा पोत यांकडे लक्ष द्यावे. ऐकताना तानपुरा मात्र बंद ठेवावा, कारण तो चालू असला की कान प्रत्येक स्वर षड्जाशीच ताडून पाहतो.