हेक्टर क्रॉफर्ड यांच्याविषयी थोडी भर

ऑस्ट्रेलियन दूरचित्रमालिकांची खरी सुरुवात १९८५ च्या 'नेबर्स' या मालिकेपासून झाली, असे म्हटले जाते. मात्र त्याआधीची दोन दशके मेलबर्नचे निर्माते हेक्टर क्रॉफर्ड यांना वगळून सांगताच येत नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी बहीण डोरोथी यांच्यासह निर्मितिसंस्था काढली ती रेडिओसाठी, आणि कथानक, संवाद व नटांची निवड यांवरचा डोरोथींचा हात इतका पक्का होता की श्रेय देताना त्यांचे नाव मागे पडते याचे मला मनापासून वाईट वाटते.

१९५६ मध्ये दूरचित्रवाणी आली खरी, पण आयात केलेली अमेरिकी मालिका स्थानिक निर्मितीपेक्षा कितीतरी स्वस्त पडत असल्याने वाहिन्यांना देशी नाटकात पैसा घालण्याचे कारणच उरले नव्हते. अशा काळात, १९६४ मध्ये, क्रॉफर्ड यांची 'होमिसाइड' ही पोलीसमालिका सुरू झाली. आतील प्रसंग स्टुडिओत व्हिडिओटेपवर, तर बाहेरचे मेलबर्नच्या रस्त्यांवर १६ मिलिमीटर फिल्मवर, अशी तिची पद्धत होती. आपल्याच शहराचे रस्ते आणि आपलेच उच्चार पडद्यावर पाहण्याची प्रेक्षकांना सवय नव्हती, आणि माझ्या मते तिच्या यशाचे मर्म तिथेच आहे. मालिका १९७७ पर्यंत चालली.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर 'होमिसाइड'सह क्रॉफर्ड यांच्या तिन्ही पोलीसमालिका बंद करण्याचे निर्णय झाले, तेव्हा संस्थेचा कणाच मोडायची वेळ आली होती. पण १९७६ मध्ये आलेल्या, युद्धकाळातील एका कुटुंबाच्या 'द सलिव्हन्स'ने तिला सावरले.